रेंझोचं शेवटचं पिंप

आल्मेरे स्टेशनवरून सायकल काढली की पंचवीस मिनिटांत घरं संपतात आणि पुढे नुसती सपाटी लागते. समतानं अमरावतीला आईला व्हिडिओ कॉलवर ती जमीन पहिल्यांदा दाखवली, तेव्हा सुमतीबाई म्हणाल्या होत्या की अगं, जमीन कुठे आहे, मला तर नुसतं आभाळच दिसतंय. त्यांचं काही चुकलं नव्हतं. साठेक वर्षांपूर्वी तिथे पाणीच होतं. डच लोकांनी बांध घातला, पाणी उपसलं आणि तळ सुकल्यावर त्यात बटाटे लावले. बटाटे लावले ते शहाण्यांनी. समताच्या सासऱ्यांनी, ओरेस्तेंनी, तिथे द्राक्षं लावली.

ओरेस्ते मूळचे इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या एका डोंगरी गावचे. विशीत हॉलंडला आले, युट्रेख्टमध्ये तीस वर्षं आइस्क्रीमचं दुकान चालवलं आणि साठी जवळ आल्यावर ते विकून ही दोन एकर जमीन घेतली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. या थंडीत द्राक्ष पिकत नाही, पिकलं तर गोड होत नाही आणि गोड झालंच तर पाखरं ठेवत नाहीत, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. ओरेस्तेंचं म्हणणं, कमी पिकलं तर पिकलं, आपण ते वाळवू. त्यांच्या गावची रीतच तशी. ऑक्टोबरात तोडलेले घड लगेच चुरडायचे नाहीत. माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर एकेक करून मांडायचे आणि नवं वर्ष लागेपर्यंत सुकू द्यायचे. बेदाणा व्हायच्या जरा अलीकडे थांबायचं. मग त्या सुरकुतलेल्या द्राक्षांचा रस काढायचा, थंडीत सावकाश आंबू द्यायचा आणि लाकडी पिंपात तीन-तीन वर्षं ठेवायचा. जे निघतं ते काळपट लाल, जड आणि म्हणे आधी गोडसर, मागून कडवट लागतं. म्हणे अशासाठी की समतानं ते कधी चाखलं नव्हतं.

सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो, तेव्हा ते आधी सांगून टाकलेलं बरं.

समता बौद्ध घरातली. वडील बळवंतराव अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी विहारात वंदना घ्यायचे. मद्य घ्यायचं नाही हे पाचवं शील त्यांच्या घरात नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. डेटाच्या कामासाठी ती ॲमस्टरडॅमला आली, तिथे ऑफिसात रेंझो भेटला आणि दोन वर्षांनी तिनं घरी सांगितलं की मुलगा इटालियन आहे, त्याच्या वडिलांचा द्राक्षमळा आहे आणि ते वाइन करतात. मुलगा परदेशी, परधर्मी, याचं बळवंतरावांना काही वाटलं नाही, ते अडले वाइनपाशी. शेवटी म्हणाले, लग्न कर, पण तू पिऊ नको. समता म्हणाली, पिणं सोडाच बाबा, मी जिभेला थेंब लागू देणार नाही.

नीउ-व्हेनेपला तिची मैत्रीण धम्मदीपा राहायची. तिच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी वंदना असायची आणि आयटीतली दहा-बारा मराठी कुटुंबं जमायची. समताच्या लग्नानंतर पहिल्याच खेपेला चहा घेताना कुणीतरी हसत विचारलं की समताताई, पंचशील घेता आणि वाइनच्या घरात नांदता, हे जमतं कसं? समता तयारीतच होती. तिनं तीच जिभेची आणि थेंबाची गोष्ट सांगितली. दोघीतिघींनी कौतुक केलं. कौतुकाची चटक वाईट. पुढे कुणी नवीन आलं की धम्मदीपाच सांगायची, ही आमची समता, व्हिनयार्डमध्ये राहते पण नॉट अ सिंगल ड्रॉप. आणि समता मान खाली घालून हसायची, पण तिला ते आवडायचं.

मळ्यातलं बाकी कुठलंही काम तिनं टाळलं नाही. छाटणी शिकली, ताट्यांवरचा बुरशी लागलेला मणी नखानं नेमका काढायला शिकली, हिवाळ्यात गार पाण्यानं पिंपं धुतली. आठवड्यातले चार दिवस ऑफिस आणि तीन दिवस मळा. चव घ्यायची वेळ आली की मात्र ती दोन पावलं मागे सरायची. रेंझो घोट घ्यायचा, त्याचे वडील घ्यायचे, दोघं तोंडातल्या तोंडात खुळखुळवून थुंकायचे, मग हातवारे करून भांडायचे. समता हात पुसत उभी राहून ते भांडण बघायची. त्या घरातले तिचे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

रेंझोला २०२०च्या उन्हाळ्यात पोटाचा कॅन्सर निघाला. त्या वर्षीच्या तोडणीला तो बांधावर खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी, आणि समता आणि पापा घड तोडत होते. सासऱ्यांना ती पापाच म्हणायची. जानेवारीत, अंगात त्राण नसताना, त्यानं वाळलेल्या द्राक्षांचा रस स्वतः काढायचा हट्ट धरला. दोघांनी दोन्हीकडून धरलं तेव्हा कुठे तो यंत्रापाशी उभा राहिला. एक पिंप भरलं आणि उरलेल्यात पन्नास लिटरचा काचेचा बुधला. पिंपाच्या तोंडावर त्यानं खडूनं तारीख घातली. मार्चमध्ये तो गेला. एकेचाळिसावं वर्ष होतं.

त्यानंतर मळा होता तसाच राहिला, पण वाइन थांबली. द्राक्षं पिकली की शेजारच्या एका वाइनवाल्याला देऊन टाकायची, असं ठरलं. घरात उरलं ते एवढं एकच पिंप. ते तीन वर्षं नीट मुरवायचं, तीनशे बाटल्या भरायच्या, त्यावर रेंझोचं नाव घालायचं. समताच्या आयुष्यात दुसरं काही उरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. मूल नव्हतं. फोटो होते, पण फोटोत तो कधीच नीट यायचा नाही, नेहमी डोळे मिटलेले. पिंपात मात्र तो होता असं तिला वाटायचं. त्याच्या हाताचं शेवटचं काम, अजून पुरं व्हायचं राहिलेलं. आई म्हणायची, ये बाई परत. धम्मदीपा म्हणायची, उइटहॉर्नला मस्त अपार्टमेंट्स आहेत, आम्हीही तिकडेच बघतोय, कशाला त्या म्हाताऱ्याबरोबर चिखलात राहतेस? समताचं उत्तर ठरलेलं, पिंप होऊ दे, मग बघू.

आणि पापा तर काही म्हणतच नसत. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं वय. मुलाच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात त्यांना कोविड झाला, पंधरा दिवस खोलीत पडून होते. उठले तेव्हा निम्मे झाले होते. समता सूप करून द्यायची, ते निमूटपणे संपवायचे. पूर्वी तिच्या डाळीला नावं ठेवायचे, मीठ कमी म्हणायचे, पास्ता जास्त शिजला म्हणून ताट सरकवायचे. आता समोर येईल ते खायचे. समताला वाटलं, पोरगा गेला, माणसाचा जेवणातला जीवच गेला. असं कुणालाही वाटलं असतं.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दोघं तळघरात उतरायचे. लाकडी पिंप थोडी थोडी वाइन पिऊन टाकतं, वर मोकळी जागा राहते. तिथे हवा शिरली की वाइन बिघडते, म्हणून पिंपात भर घालावी लागते. भर घालायची ती त्याच वाइनची, बुधल्यातली. समता बूच काढायची, पापा काचेची लांब नळी सोडून पेलाभर वाइन ओढायचे, दिव्यासमोर धरायचे, वास घ्यायचे, घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, बेने. म्हणजे छान. मग बुधल्याचा घोट, पुन्हा बेने. मग समता बुधल्यातून मापानं वाइन घ्यायची आणि पिंप काठोकाठ भरायची, बूच घट्ट बसवायची, वहीत तारीख लिहायची. वर येऊन कॉफी. तीन वर्षांत एकही शनिवार चुकला नाही. एकदा तिला ताप होता, तरी शाल गुंडाळून ती उतरली होती.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा वास आला. बुधल्याचं बूच काढलं आणि नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा कसला तरी उग्र झोत नाकात गेला. क्षणभरच. तिनं विचारलं, पापा, हा वास बरोबर आहे ना? पापांनी बुधल्यावर वाकून खोल श्वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला. म्हणाले, वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनला असा थोडा चढा वास असतोच, रेंझोच्या आजोबांच्या वाइनला तर याहून जास्त असायचा. समतानं मान डोलावली. जिला चवच माहीत नाही तिनं वासावरून हुज्जत घालायची म्हणजे कोणत्या तोंडानं?

तरी तिच्या मनातून ते जाईना. ऑफिसात आकड्यांशिवाय पान न हलवणारी बाई ती. नंतरच्या उन्हाळ्यात तिनं सुचवलं की एक छोटी बाटली लॅबला पाठवू, चार दिवसांत रिपोर्ट येतो, सगळेच पाठवतात. पापा एकदम चढ्या आवाजात बोलले. असे ते क्वचितच बोलत. म्हणाले, माझ्या पोरानं सहा महिने सुया टोचून घेतल्या, दर आठवड्याला रक्त, दर आठवड्याला रिपोर्ट, काय उपयोग झाला? त्याच्या पिंपाला सुया नकोत. मी आहे ना चव घ्यायला. समताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तो विषय सोडला. खरं सांगायचं तर तिलाही रिपोर्ट नकोच होता. रिपोर्टाच्या पाकिटांची तिनंही धास्ती घेतली होती.

असे तीन वर्षांचे शनिवार भरले आणि एप्रिल उजाडला. बाटल्या भरायचं यंत्र ट्रकवर घालून मळ्यामळ्यांतून फिरणारा वौटर नावाचा माणूस होता, त्याला बोलावलं. तीनशे रिकाम्या बाटल्या आल्या, रेंझोचं नाव घातलेली लेबलं आली. समतानं दोन दिवस रजा टाकली. पापांनी कपाटातून कोट काढला, समतानं तो ब्रशनं झाडून दिला. बाहेर बारीक पाऊस होता आणि कालव्याकाठी बदकं कलकलत होती.

यंत्र जोडण्याआधी वौटरनं पेलाभर मागितली. तो बडबड्या माणूस, नळी आत सोडता सोडता आपल्या बायकोच्या नव्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. पेला नाकाशी नेला आणि कुत्र्याची गोष्ट मध्येच थांबली. त्यानं एक छोटा घोट घेतला, लगेच मोरीत थुंकला आणि नळाखाली ओंजळ धरून चूळ भरली. मग बुधल्याकडे गेला. बुधल्यात तळाशी वीतभर वाइन उरली होती, वर सगळा रिकामा काचेचा पोकळ भाग. त्याचं बूच काढून त्यानं वास घेतला आणि मान मागे घेतली.

यातून भर घालत होता का, असं त्यानं विचारलं. समता हो म्हणाली. किती दिवस? तीन वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी, ती म्हणाली, आणि वहीही पुढे केली. ती वही त्यानं घेतली नाही. त्यानं हळूहळू, शाळेतल्या मुलांना सांगावं तसं समजावलं. बुधला जसजसा रिकामा होत गेला तसतशी वर हवा साठली. बुधल्यातली वाइन आधी आंबट झाली, तिचा व्हिनेगर व्हायला लागला. बुधल्यातली लहान लहान बाटल्यांत काढून ठेवायला हवी होती. आणि मग ती आंबलेली वाइन तुम्ही दर पंधरा दिवसांनी चांगल्या वाइनमध्ये ओतत गेलात. पिंपाला काही झालं नव्हतं. पिंप उत्तम होतं.

समताला ते कळायला वेळ लागला नाही, पण पोहोचायला लागला. म्हणजे त्यांनी आळस केला असता, दोन-चार शनिवार बुडवले असते, तर निदान तेवढं विष कमी गेलं असतं. तापात शाल गुंडाळून ती उतरली होती ते यासाठी. ती पिंपाला धरून उभी राहिली.

"इथे चव कोण घेत होतं?" वौटरनं विचारलं.

समतानं पापांकडे बघितलं. झाडलेल्या कोटात ते पायरीवर बसले होते आणि फरशीकडे बघत होते. वौटरनं पेला त्यांच्यासमोर धरला, म्हणाला, ओरेस्ते, तू सांग, हे तुला चालणारं वाटतं? पापांनी हात पुढे केला नाही. थोडा वेळ पेला तसाच हवेत राहिला. मग वौटरनं तो खाली ठेवला आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. जाताना दारात समताला हळूच म्हणाला की वाइन म्हणून हे विकता येणार नाही, बूच काढून फडकं बांधून ठेवलं तर चारपाच महिन्यांत चांगला व्हिनेगर होईल, फेकू नका. फेरीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

ट्रक गेल्यावर समता तळघरात परत आली. पापा तिथेच होते.

तिनं विचारायच्या आधीच ते बोलायला लागले. त्या कोविडनंतर नाकही गेलं आणि जीभही गेली. पहिल्यांदा वाटलं येईल परत, डॉक्टरही म्हणाले येईल. महिना झाला, वर्ष झालं. कॉफी म्हणजे गरम पाणी, सूप म्हणजे गरम पाणी. वडिलांनी शिकवलेल्या वाइनचा घोट म्हणजे गार पाणी. घशाला जरा जाळ लागायचा तेवढाच.

"मग मला का नाही सांगितलंत?" समता म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "सत्तर वेळा तुम्ही मला बेने म्हणालात, पापा. सत्तर वेळा."

"सांगितलं असतं तर तू इथे कशाला राहिली असतीस? चव घेणारा म्हातारा, एवढंच माझं काम उरलं होतं या घरात. पिंप दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं, तू मैत्रिणीकडे गेली असतीस आणि मला म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात टाकलं असतं. मला वाटलं वाइन स्वतःच स्वतःला सांभाळेल. रेंझोनं केली होती."

समताला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. तिला त्या क्षणी त्यांचा कोट धरून त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "मला एकदा नुसतं म्हणाला असतात की मला चव येत नाही. मी चाखली असती. मी स्वतः चाखली असती."

पापांनी पहिल्यांदाच मान वर केली. ते रागावले नव्हते, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

"नसती चाखलीस," ते म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात त्यानं तुझ्यासमोर पेला धरला होता. याच पिंपातली होती, नवी. एक थेंब, म्हणाला, माझ्यासाठी. मी पलंगाच्या पलीकडे बसलो होतो. तू त्याचा हात हातात घेतलास, पेला बाजूला ठेवलास आणि नाही म्हणालीस. त्याच्यासाठी घेतली नाहीस. माझ्यासाठी घेतली असतीस?"

रेंझो तेव्हा हसला होता, तुझ्या वाटची मी पितो म्हणाला होता, आणि त्याला तोही घोट गिळता आला नव्हता. हे तिनं तीन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. धम्मदीपाकडच्या त्या गोष्टीत हा भाग कधी येत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं अमरावतीला फोन लावला. पंचाहत्तरीच्या बळवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा फक्त बुधला किती लिटरचा होता तेवढं विचारलं, विज्ञानाच्या मास्तराची सवय. समतानं शेवटी विचारलं, बाबा, मी चाखायला हवी होती का? तिला वाटलं होतं की ते म्हणतील, तू शील पाळलंस, वाइन गेली तर गेली. तेवढ्या आधारासाठीच तिनं फोन केला होता.

"समता, मी तुला पिऊ नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "जिभेला लावू नको असं मी कधी म्हटलं? शाळेच्या प्रयोगशाळेत नळीनं स्पिरिट ओढताना किती वेळा माझ्या तोंडात आलं. थुंकायचं, चूळ भरायची, पुढचा तास घ्यायचा. शील नशेपासून दूर राहायचं आहे, पोरी. ते तू जिभेवर कशाला आणून ठेवलंस?"

आईनं मागून फोन हिसकावला असावा, कारण मग सुमतीबाईच बोलायला लागल्या, तब्येत, जेवण, तिकीट कधीचं काढतेस. समता हो हो करत राहिली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मोठमोठ्यानं रडली. रेंझो गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. तेव्हा निदान चूक कुणाची नव्हती.

त्या आठवड्यात तिनं बुधला रिकामा करून घासला. पिंपाचं बूच काढून तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि तळघराचं दार लावून घेतलं. तीनशे बाटल्या परत पाठवल्या. लेबलं परत जात नाहीत, ती कपाटात राहिली. मे महिन्यात धम्मदीपाकडे वंदनेला गेली तेव्हा तिथे एक नवं जोडपं आलं होतं. धम्मदीपानं सवयीनं सुरुवात केली, ही आमची समता, आणि समता म्हणाली, राहू दे ना ते. धम्मदीपा जरा चपापली. समतानं पाचही शीलं सगळ्यांबरोबर म्हटली. पुढे मात्र ती तिकडे फारशी गेली नाही.

पापा आणि ती एकाच घरात राहत होते, एकाच टेबलावर जेवत होते, पण शनिवारी सकाळी दोघंही आपापल्या खोलीतून उशिरा बाहेर यायचे. कोणी कुणाला टाकून बोललं नाही. एकदा पापा जिन्यात पडले, कंबरेला मार बसला. गावातली डॉक्टरीण म्हणाली, आता एकटं ठेवता येणार नाही, आणि समता ऑफिसात जाते. नगरपालिकेची बाई येऊन घर बघून गेली. आल्मेरेतल्या वृद्धाश्रमात जागा झाली. मळा शेजारच्या वाइनवाल्यानं चालवायला घेतला, तो वेली काढून यंत्राला सोयीच्या लावणार होता. समतानं उइटहॉर्नला दोन खोल्या बघितल्या. एवढ्या सगळ्याला एक उन्हाळा पुरला. पापा ज्याला घाबरले होते ते सगळं झालं, आणि ते घडवताना समताला कुठेही कठोर व्हावं लागलं नाही. कागद येत गेले, ती सह्या करत गेली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, पापा जायच्या आदल्या दिवशी, तिनं तळघरातून कपभर व्हिनेगर आणला. फडक्यावर माशी बसली होती, बाकी वास स्वच्छ होता, झणझणीत. आता त्यात मद्य उरलं नव्हतं. कुणालाही, अगदी बाबांनाही विचारायची गरज नव्हती. रेंझोनं केलेली गोष्ट ती पहिल्यांदा तोंडात घालू शकत होती, आणि त्यासाठी ती आधी पुरती नासावी लागली होती. हे तिच्या मनात आलं आणि तिचा हात कपावरच थांबला. मग तिनं कांदा-टोमॅटो चिरून बशीत घेतले, वर चमचाभर ओतलं. पापा टेबलाशी बसले होते, शेजारी त्यांची बांधलेली बॅग.

समतानं एक फोड खाल्ली. मग फोड बाजूला ठेवली आणि चमच्यात नुसतंच घेऊन चाखलं. डोळ्यांत पाणी आलं.

"कशी आहे?" पापांनी विचारलं.

"आंबट."

"ते झालंच. त्याच्या मागे काय आहे? घाई करू नकोस. तोंडात धर आणि थांब."

तिनं दुसरा चमचा घेतला. त्या दोघांना वर्षानुवर्षं बघितलं होतं तसं जिभेवर फिरवलं, डोळे मिटले, थांबली. आंबट ओसरल्यावर खरंच काहीतरी होतं. थोडं कडवट, थोडं सुकलेल्या द्राक्षासारखं, आणि अजून एक काहीतरी, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. ती परत परत ते शोधत राहिली. पापा टेबलावर पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काहीतरी आहे, पापा," ती म्हणाली. "पण ते रेंझोचं आहे की नाही, हे मला कसं कळणार? मी आधी कधी चाखलीच नाही."

पापांनी तिच्या हातून चमचा घेतला. कपातलं थोडं त्यात ओतून तोंडात धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ वाट बघितली. मग त्यांनी नाही अशी मान हलवली आणि चमचा बशीत ठेवला.